काळ्यानं वजीर दिला २२व्या चालीला, पण डाव १५व्या चालीलाच फिरला होता

बुद्धिबळ शिकताना सगळ्यात आधी मोहऱ्यांची किंमत सांगतात, वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३-३, प्यादं १. आता या हिशोबानं एक स्थिती बघा. पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि एक उंट, म्हणजे २२ गुण. काळ्याकडे एक हत्ती, दोन उंट आणि एक घोडा, म्हणजे १४ गुण. प्यादी दोघांची सहा-सहा. वर चाल पांढऱ्याची आहे. आणि पांढऱ्यानं इथे डाव सोडलाय, कारण मात अडवायचा कुठलाच मार्ग उरलेला नाही.

हा डाव १९०७ सालचा, लॉड्झ शहरातला, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी जॉर्ज रोटलेवी, काळ्या मोहऱ्यांनी अकिबा रुबिनस्टाइन. एकूण २५ चाली. बुद्धिबळातल्या सगळ्यात सुंदर डावांची कुठलीही यादी काढा, हा त्यात असतोच, आणि बहुतेक ठिकाणी फक्त शेवटचा भाग दाखवतात, वजीर दिला, हत्ती दिला, मग टाळ्या. मला हा डाव प्रचंड आवडतो पण त्या कारणासाठी नाही. माझं म्हणणं असंय की शेवटचे बळी म्हणजे वसुली आहे, खरं काम त्याआधीच झालेलं होतं, आणि ते काम एवढं शांतपणे झालंय की पहिल्यांदा बघताना लक्षातच येत नाही. ते नीट उलगडून सांगायचा हा प्रयत्न. पट किंवा कुठलंही चेस अ‍ॅप समोर असेल तर बरं, नसेल तरी चालेल.

आधी एक मूलभूत गोष्ट. बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची, त्यामुळे तो कायम अर्धं पाऊल पुढे असतो. मोठ्या स्पर्धांमधले डाव एकत्र केले तर पांढऱ्याच्या वाट्याला साधारण ५२ ते ५६ टक्के गुण येतात, म्हणजे फरक थोडाच पण तो आहे आणि टिकून आहे. म्हणून काळ्या मोहऱ्यांनी खेळताना पहिलं काम असतं ते अर्धं पाऊल भरून काढायचं, आणि बरोबरी झाली की मग पुढचा विचार. या "पावलाला" बुद्धिबळात टेम्पो म्हणतात. एक चाल म्हणजे एक टेम्पो. जे काम एका चालीत होतं त्याला तुम्ही दोन चाली घातल्या तर तुमचा एक टेम्पो गेला, तो समोरच्याला फुकट मिळाला. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा डाव यावरच उभा आहे.

आता ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात. घरांची नावं अशी वाचा: पांढऱ्याच्या बाजूनं बघताना उभ्या रांगा (फाईल) डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा खालून १ ते ८. पांढऱ्यानं वजिराचं प्यादं डी४ ला नेलं, काळ्यानं डी५. मग पांढरा पुढे सी४ खेळला, म्हणजे काळ्याच्या डी५ वरच्या प्याद्यावर बाजूनं दाब, यालाच क्वीन्स गॅम्बिट म्हणतात. काळ्याकडे ते सी४ चं प्यादं खाण्याचा पर्याय असतो, पण जुना भरवशाचा मार्ग म्हणजे न खाता ई६ खेळून डी५ ला टेकू द्यायचा. पटाच्या मध्यावर स्वतःचं प्यादं, त्यामागे घोडे आणि उंट बाहेर, राजा कॅसलिंग करून (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून) कोपऱ्यात. क्लासिकल बचाव म्हणतात तो हाच विचार, काही विचित्र नाही, काही लपवाछपवी नाही.

या कुटुंबातली एक शाखा म्हणजे टाराश डिफेन्स. जिगबर्ट टाराश हा जर्मन डॉक्टर आणि त्या काळातला फार मोठा खेळाडू, त्याचं ठाम मत होतं की काळ्यानं नुसतं डी५ धरून बसू नये, लगेच सी५ खेळून मध्यावर आपणही धक्का द्यावा. यात धोका असा की मारामारी झाल्यावर काळ्याचं डी५ चं प्यादं बऱ्याचदा एकटं पडतं, बाजूच्या फाईलवर मदतीला दुसरं प्यादं राहत नाही. टाराशचं म्हणणं, पडू दे एकटं, त्या बदल्यात माझे उंट, घोडे, हत्ती सगळे मोकळे फिरतात. पुढे पन्नास-साठ वर्षं यावर वाद चालू राहिला, पण बोरिस स्पास्की १९६९ मध्ये टिग्रान पेट्रोस्यानला हरवून जगज्जेता झाला तेव्हा त्याच्या हातात हेच हत्यार होतं, आणि कास्पारोवही जगज्जेता होण्याआधी काही काळ हाच बचाव खेळायचा.

आपल्या डावात मात्र एकटं प्यादं वगैरे झालंच नाही. रोटलेवीनं सहाव्या चालीला स्वतःहून डी४ च्या प्याद्यानं सी५ चं प्यादं मारलं, आणि रुबिनस्टाइननं ते उंटानं परत घेतलं. इथे थांबा जरा. काळ्याचा राजाच्या बाजूचा उंट तोपर्यंत एफ८ वर, मूळ घरातच बसून होता. आधीच तो ई७ किंवा डी६ ला आणून ठेवला असता तर सी५ वर परत मारताना त्याची दुसरी चाल गेली असती. तो बसून राहिला म्हणून एकाच चालीत प्यादंही मिळालं आणि उंटही बाहेर आला. क्वीन्स गॅम्बिटमध्ये दोन्ही बाजूंनी ही छुपी स्पर्धा चालू असते, पांढरा वाट बघतो की काळा सी४ वर कधी मारतोय म्हणजे माझा एफ१ चा उंट एका चालीत तिथे पोचेल, काळा वाट बघतो की पांढरा सी५ वर कधी मारतोय. जो आधी उंट हलवतो तो एक टेम्पो हरतो. वरवर बघणाऱ्याला वाटतं दोघं नुसते मोहरे लावतायत, पण आत ही रस्सीखेच चालू असते.

पुढे ए३, ए६, मग पांढऱ्यानं बी४ खेळून सी५ वरच्या उंटाला हाकललं, तो डी६ ला गेला. पांढऱ्याचा उंट बी२ ला आला, काळ्यानं कॅसलिंग केलं. नऊ चाली झाल्या, सगळं ठीकठाक. दहाव्या चालीला रोटलेवीनं वजीर डी२ ला आणला. बघायला निरुपद्रवी चाल आहे, पण डी फाईल लवकरच उघडणार आणि काळ्याचा हत्ती डी८ ला येणार, म्हणजे वजीर त्याच्या रेषेत येऊन उभा राहिला, पुन्हा हलावं लागणार. त्याऐवजी डी५ वर मारामारी करून उंट ई२ ला ठेवला असता, राजा कोपऱ्यात नेला असता तर सगळं शांत राहिलं असतं.

रुबिनस्टाइनचं उत्तर वजीर ई७. याच्यात एक बारीक गंमत आहे. आतापर्यंत डी५ च्या प्याद्याचं रक्षण एका सापळ्यामुळे होत होतं, पांढऱ्यानं ते मारत मारत शेवटी वजिरानं डी५ वर घेतलं असतं तर काळ्याचा उंट बी४ वर मारून शह देतो आणि पुढच्याच चालीला डी८ चा वजीर पांढऱ्याचा वजीर खातो. वजीर ई७ ला गेल्यावर हा सापळा संपला, म्हणजे रुबिनस्टाइननं ते प्यादं सरळ देऊ केलं. घ्या म्हणाला. घेतलं असतं तर पांढऱ्याचा राजा अजून ई१ वर मधेच अडकलेला, वजीर डी५ वर उघड्यावर आणि काळ्याचे उंट-हत्ती त्याच्यावर पाळत ठेवत धडाधड बाहेर. रोटलेवीनं ते ओळखलं आणि घेतलं नाही, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण मग अकराव्या चालीला त्यानं उंट डी३ ला आणला आणि वर सांगितलेली रस्सीखेच तिथे हरला. उंट हलल्या हलल्या काळ्यानं सी४ वर मारलं. उंटाला परत घ्यावं लागलं, सी४ वर. लगेच काळ्यानं बी५ खेळून त्याला हाकललं, उंट पुन्हा डी३. म्हणजे डी३ ला पोचायला या उंटानं तीन चाली खाल्ल्या, काळ्याच्या त्याच उंटाला डी६ ला पोचायला दोन लागल्या होत्या. मग काळ्याचा हत्ती डी८ ला, वजिरासमोर नाही पण त्याच रेषेत, म्हणून वजीर ई२ ला सरकला. त्याच्या दोन चाली झाल्या, काळ्याच्या वजिरानं ई७ एकाच चालीत गाठलं होतं. काळ्याचा उंट बी७, पांढऱ्याचं कॅसलिंग. पंधरावी चाल पूर्ण.

आता पट बघा. खरंच लावून बघा, कारण हे शब्दांत पूर्ण उतरत नाही. पांढऱ्याचा राजा जी१, काळ्याचा जी८. वजीर ई२, वजीर ई७. उंट बी२ आणि डी३, समोर उंट बी७ आणि डी६. घोडे सी३, एफ३ आणि समोर सी६, एफ६. प्यादी ए३, बी४, ई३ आणि समोर ए६, बी५, ई६. आरशात बघितल्यासारखी स्थिती आहे, फक्त दोन फरक. एक, काळ्याचा हत्ती डी८ वर येऊन बसलाय, पांढऱ्याचा एफ१ वर आहे. दोन, चाल काळ्याची आहे. म्हणजे पांढऱ्यानं १५ चालींत जे केलं ते सगळं काळ्यानं १३ चालींत केलं आणि वर चौदावी, हत्तीची चाल जास्तीची केली. दोन टेम्पो. पहिल्या चालीचा फायदा पांढऱ्याकडे होता तो गेलाच, उलट काळाच आता "पांढरा" झालाय, आणि साध्या पांढऱ्यापेक्षाही एक पाऊल पुढे.

मला या स्थितीचं खूप अप्रूप आहे. एकही मोहरा मेलेला नाही जो परत घेतला गेला नाही, कुणाचं प्यादं जास्त नाही, कुणाचा राजा उघडा नाही, गुण मोजले तर अगदी समसमान. पण अशी आरशासारखी, उघडी स्थिती असली ना की जो आधी हात उगारतो त्याचा फटका बसतो, आणि इथे हात उगारायची पाळी काळ्याची आहे.

रुबिनस्टाइननं एक चालही वाया घालवली नाही. १५व्या चालीला घोडा ई५. यानं दोन गोष्टी झाल्या, बी७ च्या उंटाचा लांब तिरका रस्ता मोकळा झाला, तो थेट पांढऱ्या राजाच्या कोपऱ्याकडे जातो, आणि एफ३ वरच्या घोड्याला अदलाबदलीला बोलावलं. कॅसलिंग केलेल्या राजाचा एफ३ वरचा घोडा म्हणजे सगळ्यात विश्वासू रक्षक, एच२ आणि एच४ ही घरं तोच सांभाळतो. घोड्यानं घोडा मारला, काळ्यानं उंटानं परत घेतलं, रक्षक गेला. आता लगेच धमकी अशी की उंट एच२ चं प्यादं मारून शह देणार, राजानं उंट खाल्ला की वजीर डी६ वरून पुन्हा शह देणार आणि त्याच वेळी डी३ च्या उंटावर वजीर आणि हत्ती दोघांचा मारा येणार. म्हणजे उंट परत मिळतो आणि एक प्यादं वर.

रोटलेवी १८ वर्षांचा होता, हल्ला अंगावर घ्यायचा स्वभाव नव्हता बहुतेक, त्यानं एफ४ खेळून उंटाला हाकललं. उंट सी७. पांढरा ई४, काळ्याचा दुसरा हत्ती सी८. आता काळ्याचे दोन्ही हत्ती सी आणि डी या दोन्ही उघड्या फाईलींवर, दोन्ही उंट राजाकडे बघतायत. पांढऱ्याचा ए१ चा हत्ती? जागेवर. तो या संपूर्ण डावात एकदाही हलला नाही. दोन टेम्पो गेले म्हणजे नक्की काय गेलं असं कुणी विचारलं तर मी या हत्तीकडे बोट दाखवतो. पांढऱ्याला दोन चाली जास्त मिळाल्या असत्या तर दोन्ही हत्ती सी आणि डी फाईलवर येऊन समोरासमोर उभे राहिले असते आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

१९व्या चालीला पांढऱ्यानं ई५ खेळून एफ६ च्या घोड्यावर हल्ला केला. ही चाल दिसते आक्रमक पण तिनं स्वतःच्याच बी२ च्या उंटाचा रस्ता बंद केला आणि काळ्याच्या बी७ च्या उंटासाठी ई४ हे घर मोकळं करून दिलं. काळ्यानं आधी उंट बी६ वरून शह दिला, राजा एच१ ला गेला, आणि आता घोडा मागे घ्यायचा सोडून पुढे जी४ ला. घोडा फुकट दिसतोय, पण वजिरानं तो मारला तर डी८ चा हत्ती डी३ चा उंट मारतो, हिशोब बरोबरीत, आणि सी३ च्या घोड्यावर दोन्ही हत्ती तुटून पडतात. म्हणून रोटलेवीनं उंट ई४ ला आणला, बी७ च्या उंटाच्या वाटेत आडवा. समजूतदार चाल आहे.

२१, काळा वजीर एच४. धमकी सरळ, एच२ वर मात. आता वजिरानं जी४ चा घोडा मारायचीही सोय नाही कारण काळा वजीर तो राखतोय. एच३ खेळलं असतं तर काळ्याकडे हत्ती सी३ वर मारून पुन्हा जिंकायचा मार्ग होता, त्या वाटेनं शेवटी दोन्ही वजीर जातात आणि तरी हत्ती एच३ वर येऊन मात करायची धमकी राहते, कारण जी२ चं प्यादं ई४ वरच्या काळ्या उंटामुळे पिनमध्ये असतं, म्हणजे ते हललं तर मागचा राजा माऱ्यात येतो, म्हणून ते हत्तीला मारू शकत नाही. रोटलेवीनं जी३ खेळलं. ही सुद्धा चांगली दिसते, वजिरावर हल्ला आहे आणि जी२ रिकामं झाल्यामुळे ई२ चा पांढरा वजीर आडव्या रेषेत एच२ राखायला लागला.

इथे प्रत्येक जण वजीर उचलून बाजूला ठेवेल. रुबिनस्टाइननं वजिराला हातच लावला नाही, हत्तीनं सी३ चा घोडा मारला.

का, ते बघू. ई४ वरच्या पांढऱ्या उंटाला दोघं राखत होते, सी३ चा घोडा आणि ई२ चा वजीर. घोडा गेला, आता एकटा वजीर. पण त्याच वजिराकडे एच२ राखायचंही काम आहे. म्हणजे एका गोलकीपरला दोन गोलपोस्ट सांभाळायला दिल्यासारखं झालं. बी२ च्या उंटानं सी३ चा हत्ती मारला, तर काळ्याचा बी७ चा उंट ई४ वर मारून शह देतो, वजिरानं तो परत घ्यावा तर एच२ मोकळं, काळा वजीर एच२ वर मात. ई४ च्या उंटानं बी७ चा उंट मारला, तर सी३ चा हत्ती जी३ चं प्यादं खाऊन आत घुसतो आणि त्याला मारता येत नाही, कारण एच२ चं प्यादं हललं की एच४ चा वजीर थेट राजावर येतो.

राहिला तिसरा पर्याय, वजीरच खाऊन टाकायचा. रोटलेवीनं तेच केलं, जी३ चं प्यादं एच४ वर. काळ्याचा वजीर गेला.

आणि आता २३वी चाल, हत्ती डी८ वरून डी२ ला. मला विचाराल तर अख्ख्या डावातली सगळ्यात भारी चाल ही, वजिराचा बळी नाही. वजीर आधीच गेलाय, सी३ चा हत्ती बी२ च्या उंटाच्या तोंडात आहे, जी४ चा घोडा वजिराच्या तोंडात आहे, आणि वर हा दुसरा हत्तीही फुकट. पण त्या हत्तीचा रोख ई२ च्या वजिरावर आहे, दोन कामं करणाऱ्या त्याच वजिरावर. त्यानं डी२ वर मारलं तर ई४ सुटलं. त्यानं घोडा मारला तरी ई४ चा उंट शहासकट जातो आणि राजाला धड घर उरत नाही. बी२ च्या उंटानं सी३ चा हत्ती घेतला तर ई२ चा वजीर जातो आणि हत्ती दुसऱ्या रांगेत घुसून एच२ वर मात करायला तयार. वजीर कुठेही गेला तरी काहीतरी सुटतंच.

रोटलेवीनं वजिरानं डी२ चा हत्ती मारला. उंटानं ई४ वर मारून शह. मधे वजीर आणला जी२ ला. आता काळ्याला समोर वजीर खायला मिळतोय, आणि घाईत कुणीही खाल्ला असता, पण तो खाल्ला की डाव पुन्हा लांबतो, पांढऱ्याकडे दोन हत्ती उरतातच. रुबिनस्टाइननं हत्ती सी३ वरून एच३ ला नेला. पुढची धमकी एच२ वर मात, घोडा जी४ वरून आधार देतोय, बी६ च्या उंटानं जी१ अडवलंय, आणि जी२ चा वजीर पिनमध्ये, राजासमोर खिळलेला, त्या तिरक्या रेषेबाहेर हलताच येत नाही. हत्ती एफ२ ला आणून बी६ च्या उंटाची वाट अडवायची म्हटलं तर तो उंट हत्तीच खातो आणि मात तशीच. २५ चाली, पांढऱ्यानं डाव सोडला.

परत एकदा मागे जाऊन बघा, या सगळ्या कॉम्बिनेशनमध्ये काळ्याचं कुठलं मोहरं वापरलं नाही असं एकही नाही. दोन्ही हत्ती, दोन्ही उंट, घोडा, वजीर, सगळे कामाला. पांढऱ्याचा ए१ चा हत्ती घरी, बी२ चा उंट स्वतःच्याच ई५ च्या प्याद्यामागे. कागदावर पांढऱ्याकडे २२ गुण होते, पण राजाजवळच्या भांडणात त्यातले किती हजर होते ते मोजा.

रोटलेवी कच्चा खेळाडू होता असं समजू नका. चार वर्षांनी, १९११ च्या कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत तो चौथा आला, तिथे त्या काळातली बरीच मोठी नावं खेळत होती. आणि रुबिनस्टाइन तर १९१२ मध्ये अशा फॉर्मात होता की एका वर्षात पाच स्पर्धा जिंकल्या, तेव्हाचा जगज्जेता लास्कर, त्याच्याबरोबर जगज्जेतेपदाचा सामना ठरत आला होता, मग १९१४ चं महायुद्ध सुरू झालं आणि तो सामना कधी झालाच नाही. याची हळहळ आजही बुद्धिबळवाल्यांना वाटते, मलाही वाटते.

अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. टाराश डिफेन्सनं काळ्या बाजूनं इतका देखणा डाव जिंकणारा हा माणूस, पुढच्याच वर्षी १९०८ मध्ये लॉड्झमध्येच साल्वे नावाच्या खेळाडूविरुद्ध पांढऱ्या बाजूनं याच बचावावर तोडगा घेऊन बसला. जी३ खेळायचं, उंट जी२ ला ठेवायचा, तिथून डी५ च्या प्याद्यावर दाब आणायचा आणि डी४ आणि सी५ ही घरं ताब्यात घ्यायची. आजही टाराश डिफेन्सविरुद्ध मुख्य उत्तर तेच आहे. म्हणजे हा बचाव आतून कसा चालतो हे त्याला एवढं कळलं होतं की तो दोन्ही बाजूंनी सिद्ध करू शकला, काळ्याला इथे काय मिळतं ते, आणि पांढऱ्यानं ते कसं मिळू द्यायचं नाही तेही.

आता थेट २०१३ च्या जानेवारीत या, नेदरलँड्समधल्या वाइक आन झीची स्पर्धा. विश्वनाथन आनंद तेव्हा जगज्जेता, काळ्या मोहऱ्यांनी, समोर लेवॉन आरोनियन, तेव्हा जगातल्या पहिल्या तीन-चार खेळाडूंतला. ओपनिंग टाराश नाही, सेमी-स्लाव, पण तीही क्वीन्स गॅम्बिटच्याच घरातली आणि तिथेही तीच गोष्ट, डी३ ला आलेल्या उंटानं सी४ वर जायचं आणि बी५ नं पुन्हा डी३ ला परत यायचं. काळ्याचे दोन्ही उंट पांढऱ्या राजाकडे बघतायत, घोडा जी४ वर. बघणाऱ्यांना लगेच रुबिनस्टाइन आठवला.

आरोनियननं काय केलं तर एफ३ चा घोडा जी५ ला, तिथून एच७ वर प्यादं खाल्लं, मग एफ८ वर हत्ती खाल्ला, मग जी६. एका घोड्याच्या पाच चाली, बाहेर आल्यापासून धरून, आणि शेवटी तो मेलाच. तेवढ्या वेळात आनंदनं सी५ फोडलं, उंट सी५ वर फुकट ठेवला, दुसरा घोडाही ई५ वर फुकट ठेवला, आणि एफ८ चा हत्ती गेला तेव्हा तो परत मारायच्या ऐवजी शांतपणे एफ५ खेळून जी४ च्या घोड्याला टेकू दिला. पांढऱ्याचा सी१ चा उंट आणि ए१ चा हत्ती त्या डावात एकदाही हलले नाहीत.

शेवटची चाल तर बघाच. काळा वजीर एच५ वर, त्याला एच३ वर मारून मात करायचीय, पांढरा वजीर डी३ वरून आडव्या रेषेत एच३ राखतोय. आनंदनं उंट ई३ ला ठेवला, बरोबर त्या रेषेच्या मधे. वजिरानं तो मारला तर जी४ चा घोडा वजीर खातो, सी१ च्या उंटानं मारला तर रेषा बंदच राहते, आणि जी२ चं प्यादं बी७ च्या उंटामुळे पिनमध्ये, एच३ वर मारू शकत नाही. २३ चालींत आरोनियननं डाव सोडला.

दोन्ही डाव कुठल्याही मोफत डेटाबेसवर मिळतात, रोटलेवी-रुबिनस्टाइन १९०७ आणि आरोनियन-आनंद २०१३ असं शोधा. पहिला लावताना १५व्या चालीला पांढऱ्याचं कॅसलिंग झालं की तिथे थांबा, इंजिन (चाली सुचवणारा प्रोग्रॅम) बंद ठेवा, आणि पुढची चाल बघायच्या आधी दोन्ही बाजूंचे मोहरे एकेक करून एकमेकांसमोर मोजून बघा.